विजयदुर्गचा हेलियम आणि संगणकातला सूर्य

आमच्या देवगड तालुक्यात हेलियमविषयी एक वेगळीच आपुलकी आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत, आणि हेलियमचा शोध याच ओट्यांवरून लागला असे इथे लहानथोर सगळेच सांगतात. इतिहासातल्या नोंदी मात्र थोड्या वेगळ्या आहेत. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले; सूर्याच्या वर्णपटातील, पुढे हेलियमची ठरलेली अनोळखी पिवळी रेषा नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून टिपली; आणि ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी. हेलियम ओळखणारा माणूस आपल्या गडावर दुर्बीण लावून उभा होता, एवढे सत्यही मला पुरेसे मोलाचे वाटते.

पण ती पिवळी रेषा सूर्याच्या बाहेरच्या थरांतून येते. गाभ्यात किती हेलियम साठला आहे, तो किती वेगाने वाढतो आणि त्यामुळे सूर्याचे पुढे काय होणार, हे कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. त्यासाठी ताऱ्याचे गणितच मांडावे लागते. ते गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ‘मेसा’ मी वापरतो. बिल पॅक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान या संगणकीय भाषेत लिहिलेल्या या सॉफ्टवेअरविषयीचा पहिला मोठा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ते विनामूल्य आहे, त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, आणि लिनक्स असलेल्या साध्या संगणकावरही ते चालते.

मेसा ताऱ्याला केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत शेकडो, प्रसंगी हजारो पातळ थरांत विभागते. प्रत्येक थराचे वस्तुमान किती, वरच्या थरांचा भार पेलण्यापुरता दाब तिथे आहे का, ऊर्जा किती निर्माण होते आणि ती बाहेर कशी पोहोचते, या चार प्रश्नांची समीकरणे सगळ्या थरांसाठी एकाच वेळी सोडवली जातात. मग अणुकेंद्रकांच्या अभिक्रियांमुळे बदललेले रासायनिक प्रमाण हिशेबात धरून काळाचे पुढचे पाऊल टाकले जाते. आपण करायचे ते इतकेच, की ‘इनलिस्ट’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ताऱ्याचे वस्तुमान, जड मूलद्रव्यांचे (म्हणजे हेलियमहून जड असलेल्या सगळ्यांचे) प्रमाण आणि कुठे थांबायचे ते लिहायचे.

सूर्याइतक्या वस्तुमानाचा तारा असा चालवला की गाभ्यातील हायड्रोजनचा आलेख उतरू लागतो आणि हेलियमचा चढू लागतो. सुरुवातीला वस्तुमानाच्या सुमारे २७ टक्के असलेला हेलियम ४.५७ अब्ज वर्षांनी, म्हणजे आज, केंद्रापाशी ६० टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. हायड्रोजनच्या चार केंद्रकांचे हेलियमचे एकच केंद्रक झाल्याने कणांची संख्या घटते. दाब टिकवण्यासाठी गाभा आकसतो, तापतो आणि अभिक्रिया अधिक वेगाने घडतात. जन्मावेळी आजच्या सुमारे ७० टक्केच तेजस्वी असलेला सूर्य हळूहळू प्रखर होत गेला तो यामुळे. हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि तेजस्वितेची रेषा डोळ्यांसमोर वर सरकताना पाहणे, यात फार अंतर आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मेसा ठरावीक पावलांनंतर ताऱ्याच्या संपूर्ण स्थितीची एक फाइल जपून ठेवते, तिला ‘फोटो’ म्हणतात. वीज आली की शेवटच्या फोटोपासून तारा पुढे चालू करता येतो. कोकणात राहून हे काम करणाऱ्याने ही सोय आधी शिकून घ्यावी.

या गणिताची एक बाजू कच्ची आहे आणि ती लपवून चालणार नाही. सूर्याच्या बाहेरील भागात वायू चुलीवरच्या पेजेसारखा खदखदत असतो, पण मेसाचा तारा फक्त केंद्र ते पृष्ठभाग एवढ्या एकाच दिशेने मोजलेला आहे. म्हणून ही खदखद १९५८ मध्ये एरिका ब्योम-विटेन्झे यांनी मांडलेल्या पद्धतीने, एका गुणांकाच्या आधारे अंदाजली जाते. गुणांक असा निवडतात की आजच्या सूर्याची त्रिज्या आणि तेजस्विता बरोबर यावी. मग तोच गुणांक सूर्याहून अगदी वेगळ्या ताऱ्यांनाही लावला जातो. त्यामुळे तांबड्या राक्षसी ताऱ्याची, म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर फुगलेल्या ताऱ्याची, त्रिज्या सिम्युलेशनने दिली की ती मी जपूनच वाचतो.

गाभ्याच्या बाबतीत मात्र विश्वास वाढतो, आणि सर्वांत पाहण्यासारखा भाग तिथेच आहे. जन्मानंतर सुमारे १२ अब्ज वर्षांनी सूर्याचा हेलियमचा गाभा त्याच्या वस्तुमानाच्या जवळजवळ निम्मा झालेला असतो. त्यात इलेक्ट्रॉन इतके दाटलेले असतात की दाब तापमानावर फारसा अवलंबून राहत नाही. तापमान १० कोटी केल्विनच्या आसपास पोहोचून हेलियम पेटला, तरी गाभा प्रसरण पावून थंड होत नाही. उष्णतेने अभिक्रिया वाढतात आणि अभिक्रियांनी उष्णता. याला हेलियम फ्लॅश म्हणतात. ठिणगी केंद्रात पडत नाही, केंद्रापासून थोडी बाहेर पडते, कारण न्यूट्रिनो नावाचे, कशालाही सहसा न अडणारे कण ऊर्जा घेऊन निसटत असल्याने केंद्र तुलनेने थंड राहिलेले असते. आधी कोट्यवधी वर्षांची ढांग टाकणारे सॉफ्टवेअर इथे काही तासांच्या, कधी त्याहूनही लहान पावलांवर येते. जुनी अनेक सॉफ्टवेअर हा टप्पा वगळून पुढचा तारा नव्याने रचत. मेसा तो सलग पार करते. पृष्ठभागावर मात्र त्या क्षणी स्फोटाचा मागमूसही नसतो, कारण सगळी ऊर्जा गाभा सैल करण्यातच खर्च होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन, की सूर्यानंतर लगेच २.५ सौर वस्तुमानाचा तारा चालवावा, इनलिस्टमध्ये फक्त तो एक आकडा बदलून. त्याचा गाभा तितका दाटण्याआधीच पुरेसा तापतो, हेलियम शांतपणे पेटतो आणि फ्लॅश होतच नाही. मग १.८, २, २.२ असे आकडे देत ही सीमा नेमकी कुठे येते आणि जड मूलद्रव्यांचे प्रमाण बदलल्यावर ती कुठे सरकते, ते ज्याने त्याने स्वतः शोधावे.