ओगा, आय म्हणजे कोण?

नायजेरियात, लेगॉसच्या आमच्या ऑफिसात गेटवर बसणाऱ्या माणसाचं नाव अबोकी आहे, असं मी आठ महिने समजत होतो. सगळे त्याला तशीच हाक मारायचे, मीही मारायचो. एकदा पगारपत्रकावर त्याचं खरं नाव वाचलं आणि विचारलं, मग अबोकी कोण? अकाउंट्सच्या मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अबोकी म्हणजे हौसा भाषेत मित्र. उत्तरेकडून आलेला कोणीही असो, गेटवर बसणारा, चहा-नूडल्सची टपरी चालवणारा, हातगाडीवर कांदे विकणारा, लेगॉसमध्ये तो अबोकी. शब्द मित्राचा, पण त्या हाकेत मैत्री नावालाही नाही. मी वाळूजच्या एमआयडीसीत दहा वर्षं काढलेला माणूस. भैया म्हणजे भाऊ, हे काही मला नव्यानं कळायचं नव्हतं.

तरीही 2023 च्या एप्रिलमधल्या त्या मंगळवारी मी ज्या खड्ड्यात पडलो, तो माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होता.

आमचं काम दुचाकी-तीनचाकीच्या सुट्या भागांचं. बजाजची बॉक्सर इकडे ओकाडा म्हणून माणसं वाहते आणि आपली रिक्षा केके म्हणून. त्यांच्या क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट आम्ही मागवतो आणि डीलरांना उधारीवर देतो. डीलर बहुतेक इग्बो, म्हणजे नायजेरियातल्या तीन मोठ्या जमातींपैकी एकीचे. बाकी दोन योरुबा आणि हौसा. नायजेरियाच्या आग्नेय भागातलं न्नेवी हे त्यांचं गाव सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि लेगॉसच्या बाजारातले निम्मे दुकानदार 'आमचं न्नेवी' अशीच सुरुवात करतात.

उधारीची एक्सेल शीट मला माझ्या आधीच्या साहेबांकडून वारशात मिळाली. एफ कॉलममध्ये प्रत्येक डीलरसमोर एक अक्षर. आय, वाय किंवा एच. इग्बो, योरुबा, हौसा. जी कॉलममध्ये उधारीचे दिवस, आणि ते फॉर्म्युल्यानं आपोआप यायचे. आय असेल तर 15, बाकीच्यांना 30. चार्ज देताना साहेब एवढंच म्हणाले होते, "इग्बो मालाला पक्का, पैशाला कच्चा. पंधराच्या पुढे जाऊ नकोस." मी मान डोलावली. दोन वर्षं रोज ती शीट उघडत होतो. डोळ्याला सवय झाली की अक्षर दिसेनासंच होतं.

त्या सकाळी सात वाजता फोन उचलला तर डीलरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशेच्या वर मेसेज. सुरुवात साधी होती. एका योरुबा डीलरनं ब्रेक शूच्या खोक्यात नकली माल निघाल्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ओमो इग्बो'. म्हणजे इग्बोचं पोर, बस्स. पण ते कोणत्या सुरात म्हटलंय ते सगळ्यांना कळलं. उलट उत्तर आलं, 'ओफे म्मानू'. म्हणजे तेलकट रस्सा. योरुबांच्या जेवणावरून त्यांना लावलेलं लेबल. मिसळीवर तर्री मागून घेणाऱ्या मुलखातून आलेल्या मला ही शिवी आहे हे पटायलाच वेळ लागला होता. मग कुणीतरी 'न्यामिरी' काढलं. हा हौसांनी इग्बोंना ठेवलेला शब्द. सांगतात तो असा आला: परमुलखात इग्बो माणूस तहानेनं 'न्ये म मिरी' म्हणायचा, मला पाणी द्या. पाणी मागितलं त्याची शिवी झाली.

एरवी हे दहा मिनिटांत निवळतं. पण दिवस वाईट होते. 25 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान झालं. जिंकले टिनुबू, जे योरुबा आणि लेगॉसचेच माजी गव्हर्नर, पण खुद्द लेगॉसमध्ये त्यांच्यापेक्षा जास्त मतं पीटर ओबींना पडली, आणि ओबी इग्बो. 18 मार्चच्या गव्हर्नरपदाच्या मतदानाला काही ठिकाणी इग्बो दिसणाऱ्या लोकांना केंद्रावरून हुसकावलं गेलं. लेगॉस कोणाचं, हा वाद घराघरांत शिरला होता. त्यात सरकारनं जुन्या नोटा बदलून नव्या आणल्या, त्या घोळात बाजारात रोख पैसाच नव्हता, सगळ्यांचीच देणी थकलेली.

आणि पावणेदोनशे मेसेजनंतर कुणीतरी फोटो टाकला. माझ्या शीटचा. एफ आणि जी कॉलम, लाल गोल करून.

त्यानंतरचं मी बिछान्यात बसूनच वाचलं. योरुबा-इग्बो भांडण तिथल्या तिथे थांबलं आणि मोर्चा आमच्याकडे वळला. एका तरुण डीलरनं इग्बो-उक्वू गावी उत्खननात सापडलेल्या ब्राँझच्या भांड्याचा फोटो टाकला. नवव्या शतकातलं ओतकाम, दोरीच्या जाळीची एकेक गाठ धातूत उतरवलेली. सोबत दीड लाखाहून जास्त मणी सापडले होते. खाली लिहिलं होतं, 'आमचे पूर्वज हे ओतत होते, आणि हा माणूस आम्हाला पंधरा दिवस देतो.' दुसऱ्यानं लिहिलं की इग्बो नसते तर लेगॉसला स्क्रू मिळाला नसता. तिसरा म्हणाला, इग्बो कुणाची नोकरी करत नाही, बाकीचे जन्मजात नोकर. इथे मला आमच्या गावच्या ग्रुपची आठवण झाली. तिथेही कुणी 'घाटी' म्हटलं की पाचव्या मेसेजला अटकेपार झेंडा निघतो आणि दहाव्याला आपण दुसऱ्या कोणाला तरी काहीतरी म्हणालेलो असतो.

मी काय करावं? कंपनीछाप इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, ही अंतर्गत बाब आहे.' आणि ग्रुप बंद केला, फक्त ॲडमिन लिहू शकेल असा. आगीवर झाकण ठेवलं असं वाटलं. दहा वाजेपर्यंत अकरा ऑर्डरी रद्द झाल्या.

साडेदहाला चीफचा फोन आला. ट्रेड फेअर संकुलातले आमचे सर्वांत जुने डीलर, साठीला टेकलेले. त्यांचं खरं नाव बाजारात कुणी घेत नाही. ते एकच शब्द बोलले, "बिया." इग्बोत, ये.

सोबत आमचा सेल्सचा मुलगा आला. सव्वीस वर्षांचा, इमो राज्यातला, इग्बो. फोटो कुणी काढला असेल याचा मला अंदाज होता आणि मला अंदाज आहे हे त्याला माहीत होतं. माईल टूला गाडी चाळीस मिनिटं अडकली. पिवळ्या दान्फो बसच्या दारात लटकलेला कंडक्टर ओरडत होता, काचेवर पाण्याच्या पिशव्या विकणारी पोरं टकटक करत होती. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ओगा, मागच्या महिन्यात माझा ॲडव्हान्स नाकारलात. त्यालाही कॉलम होता का?" ओगा म्हणजे साहेब.

नव्हता. पण नाकारताना डोक्यात नेमकं काय होतं, ते मला आठवेना. "नाही," म्हणालो. त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

चीफचं दुकान म्हणजे दहा बाय बारा. छतापर्यंत खोकी, दारात ग्रीस लागलेल्या हातांची दोन पोरं. हे न्वा बोई. आपल्याकडे हाताखालचा पोऱ्या म्हणतात तसे, पण यात करार असतो. बारा-चौदाव्या वर्षी पोरगं मालकाकडे येतं, पाच-सात-आठ वर्षं राबतं, मालक खायला-राहायला देतो, धंदा शिकवतो, आणि मुदत संपली की 'सेटल' करतो. म्हणजे दुकान, भांडवल, माल, जे काय असेल ते देऊन उभं करून देतो. बऱ्याचदा स्वतःच्याच गल्लीत, स्वतःचाच स्पर्धक. कागद फारसा नसतो. फसवणारे मालक असतात, शेवटच्या वर्षी चोरीचा आळ घेऊन हाकलणारेही असतात. पण बाजार उभा आहे तो या पद्धतीवर.

बशीत कोला नावाचं फळ आलं, पाहुण्याला देतात ते. ओजी म्हणतात त्याला. मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला तो चीफनी खाली दाबला. आधी ओजी. त्यांनी फळ हातात धरलं आणि इग्बोत बोलायला लागले. चांगली पाच मिनिटं. मला कळला तो एकच ठेका, दर वाक्यानंतर दुकानातले सगळे "इसे!" म्हणायचे, आपल्याकडच्या तथास्तुसारखं. मध्येच ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ओजीला इंग्रजी कळत नाही. बस." मग फोडलं. चार पाकळ्या निघाल्या, म्हणजे चांगलं. इग्बोंचा आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिए, आफो, न्क्वो, चार बाजारांचे. तुकडा तोंडात टाकला, कच्च्या सुपारीहून तुरट आणि वर कडू. गिळला.

"आता सांग," चीफ म्हणाले. "तुझ्या शीटमधला आय. इग्बो की इंडियन?"

दुकानात हशा पिकला. मीही हसलो, आणि हसायला नको होतं हे लगेच कळलं, कारण ते हसत नव्हते.

"तू ऑफिसात उदबत्ती लावतोस," ते म्हणाले. "अर्धा बाजार म्हणतो की इंडियनकडे जुजू असतं, जादूटोणा, म्हणून त्यांचा माल खपतो. मी पोरांना सांगतो, गप्प बसा, तो देवाला लावतो. मी तुझ्या नावापुढे अक्षर लिहिलं नाही."

काय बोलणार. सॉरी म्हणालो, या वेळी चार ओळींचं नाही.

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. आवाज न चढवता, मध्येच पोराला "तो बेअरिंगचा खोका इकडे दे" म्हणत. 1966 मध्ये उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या तेव्हा वडील कानोतलं दुकान टाकून पूर्वेला पळून आले. 1967 च्या मे महिन्यात इग्बोंचा पूर्व भाग बियाफ्रा नावानं वेगळा देश म्हणून जाहीर झाला, जुलैत युद्ध पेटलं आणि जानेवारी 1970 ला संपलं. माणसं किती गेली याचे अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत, त्यातली बहुतेक उपासमारीनं. चीफची एक बहीण त्यात. युद्धानंतर सरकार म्हणालं, कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. बँकेत मात्र इग्बो माणसाच्या खात्यात कितीही असोत, हातात पडले वीस पौंड.

"माझ्या वडिलांना बँकेनं वीस पौंड दिले. मला तू पंधरा दिवस देतोस." त्यांनी बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं, आवाज ऐकला, परत खोक्यात ठेवलं. "आकडे बदलतात."

पुढचा अर्धा तास खरं तर धंद्याचा होता. त्यांना 45 दिवस हवे होते. मी म्हटलं, बघतो. ग्रुपवरच्या पोरांना तुम्ही समजावा, असंही म्हटलं. त्यावर त्यांनी हात झटकले. "इग्बो एन्वे एझे. इग्बोला राजा नसतो. मला चीफ म्हणतात, पण ऐकतो कोण? तो ब्राँझवाला पोरगा माझा पुतण्या. त्यानं इग्बो-उक्वू कधी पाहिलं नाही, आणि 'बाकीचे नोकर' म्हणणारा माझाच न्वा बोई होता." मग जरा थांबून, "पण ब्राँझ खरं आहे, बरं का."

निघताना एक अख्खं ओजी माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं. घरी पोचलं की ते स्वतःच सांगतं, कुठून आलं ते, अशी म्हण आहे म्हणाले.

ऑफिसात परतेपर्यंत सहा वाजले. खिसा रिकामा करून ओजी टेबलावर ठेवलं. अकाउंट्सच्या मॅडम व्हाउचर घेऊन आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "ट्रेड फेअरला जाऊन आलात वाटतं." त्या योरुबा, लेगॉस बेटावरच्या जुन्या घराण्यातल्या. इग्बोंना पैशापलीकडे काही दिसत नाही हे त्यांचं ठाम मत, आणि रोज दुपारी डब्यातलं मोईमोई त्या त्याच सेल्सच्या मुलाला अर्धं देतात, तो बारीक झालाय म्हणून. "पेले," मला म्हणाल्या. योरुबात, वाईट वाटलं हो. इग्बोत याला न्दो म्हणतात. दोन्हींना मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. 'अगं बाई' जवळ जातो, पण पुरुषांनी काय म्हणायचं?

शीट उघडली. एफ कॉलम निवडला, डिलीट केला. क्षणात जी कॉलमच्या सगळ्या घरांत एरर. दिवसांचा फॉर्म्युला एफवरच उभा होता, तो गेल्यावर एकाही डीलरला किती दिवस द्यायचे ते कॉम्प्युटरला सांगता येईना. अंडू करता आलं असतं. केलं नाही.

मग जेवण मागवलं आणि प्रत्येकाचं मागचं दोन वर्षांचं खातं काढून दिवस हातानं भरायला बसलो. निकाल मला हवा तसा स्वच्छ निघाला नाही. सर्वांत थकलेल्या पाचांत तीन इग्बो होते. पहिल्या दिवशी पैसे टाकणाऱ्या पाचांत चार इग्बो. आमच्या डीलरांत ते एवढे जास्त आहेत की दोन्ही याद्यांत तेच दिसणार. हे मला दोन वर्षांत कधी सुचलं नव्हतं. योरुबा डीलरांत दोघं अगदी नियमित, एक जण फोनच उचलत नाही. एकाच्या नावापुढे वाय होतं आणि तो मुळात एडो, वेगळ्याच जमातीचा निघाला, म्हणजे साहेबांनी तेही नीट विचारलं नव्हतं.

रात्री साडेअकराला जनरेटर बंद करायला अबोकी वर आला. त्याला खऱ्या नावानं हाक मारायचं मी ठरवलं होतं. मारली. त्यानं मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून.

"अजून दहा मिनिटं," मी म्हटलं. चीफची ओळ शिल्लक होती. खातं चोख, नोटांच्या घोळातही दोनच दिवस उशीर. मी 45 लिहिलं, वरच्या साहेबांना काय सांगायचं ते आठवून पाहिलं, खोडलं आणि 30 लिहिलं.