ओचानोमिझुचा उतार: जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या शोधात टोकियोत पाच दिवस

टोकियोत ओचानोमिझु स्टेशनवर उतरलात तर ओचानोमिझुबाशी नावाच्या दारानेच बाहेर पडा. दुसऱ्या दाराने गेलात तर निकोलाई कॅथेड्रलकडे निघाल. इमारत सुंदर आहे, 1891 साली बांधलेली, पण आपलं काम तिकडे नाही. रस्ता ओलांडून मेइजी विद्यापीठाच्या दिशेने मेइदाई-दोरी या उताराला लागायचं. दहा पावलं चालेपर्यंत पहिलं दुकान लागतं, आणि मग उतार संपेपर्यंत दोन्ही बाजूंना गिटारीच गिटारी. तळमजल्यावर नव्या, वरच्या मजल्यांवर जुन्या. लिफ्टशेजारची पाटी न वाचता पुढे गेलात तर चांगला माल डोक्यावर राहतो आणि कळतही नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ नोव्हेंबरात गेलो होतो. मी गेली वीस वर्षं गिटार वाजवते, तो ड्रम्स वाजवतो. जुनी गिटार घ्यायची हे ठरलेलं होतं आणि दोन लाख येनची मर्यादाही ठरलेली होती. दुकानं साधारण अकराला उघडतात. आम्ही पहिल्या दिवशी नऊलाच पोचलो आणि दोन तास बंद शटरं पाहिली. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत कुणालाच शांतपणे वाजवता येत नाही. मंगळवारी दुपारी बारा ते तीन ही आम्हाला मिळालेली सर्वात चांगली वेळ.

पहिली चूक माझी. भिंतीवरची एक गिटार मी सरळ उचलायला गेले आणि दुकानातला मुलगा धावत आला. इथे स्वतः हात लावायचा नसतो. "शिसो देकिमास का?" असं विचारायचं, म्हणजे वाजवून पाहता येईल का. मग तोच गिटार उतरवतो, सुरात लावतो, ॲम्प्लिफायरला जोडतो आणि स्टुलावर बसवून आपल्या हाती देतो. जाकीट काढून ठेवा आणि पट्ट्याचं बक्कल बाजूला सरकवा. सांगावं लागण्याआधी हे केलंत की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि पुढची गिटार दाखवताना तो हात आखडत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. प्रत्येक जुन्या गिटारला एक चिठ्ठी लटकवलेली असते. बहुतेक पर्यटक तिच्यावरचा आकडा पाहतात आणि पुढे जातात. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ती अख्खी वाचा. चांगल्या दुकानाच्या चिठ्ठीवर गिटारचं सगळं आयुष्य असतं: वजन किती, फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किती उरले आहेत, ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या आतला, तिचा बाक सुधारणारा गज) फिरवायला जागा शिल्लक आहे का, काय बदललं, काय दुरुस्त केलं. "नोकोरी हाचिवारी" म्हणजे फ्रेट दहापैकी आठ भाग शिल्लक. "कोकान" म्हणजे भाग बदललेला. "रिफुरेत्तो-झुमी" म्हणजे नवे फ्रेट बसवून झालेले. आणि "नेक्कु ओरे" म्हणजे नेक एकदा मोडलेली आहे. हे शेवटचे शब्द पाठच करून जा. "जंकू" असं लिहिलेलं असेल तर वस्तू आहे त्या स्थितीत विकली जाते, तक्रार ऐकून घेतली जात नाही.

नेक मोडण्याचं प्रमाण गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या घाटाच्या गिटारींमध्ये जास्त, आणि त्याला कारण आहे. हेडस्टॉक, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्यांचं टोक, मागे 17 अंशांत कललेला, लाकूड महोगनीचं, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडच्या नटसाठी पोकळी कोरलेली. उभी ठेवलेली गिटार पाठीवर पडली की सगळा मार तिथे बसतो. फोनचा टॉर्च तिरपा धरून नेक आणि हेडस्टॉक जिथे मिळतात तिथली मागची बाजू पाहा, रंगाखाली केसाएवढी रेघ दिसते का. मोडून नीट जोडलेली गिटार वाजायला उत्तम असू शकते, पण किंमत बरीच उतरते, आणि ती उतरलेली असलीच पाहिजे. दर पूर्ण आणि चिठ्ठी गप्प, असं दिसलं तर मी त्या दुकानातून निघते. एका ठिकाणी असं घडलंही: चिठ्ठीवर सगळं मूळचंच असल्याचं लिहिलेलं, आणि टॉर्चखाली रेघ स्पष्ट. मी काही बोलले नाही, आभार मानले आणि बाहेर पडले.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दुकानात काचेमागे फेंडर या अमेरिकन कंपनीची 1963 ची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार होती. घेण्याची ऐपत नाही, पण पाहायची फार इच्छा आहे, असं मी खरं सांगितलं. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी ती बाहेर काढून माझ्या मांडीवर ठेवली. फिंगरबोर्डच्या कडा साठ वर्षांच्या अंगठ्यांनी गोल झालेल्या. खुणेचे ठिपके मातकट, ज्यांना क्ले डॉट म्हणतात. 1964 संपता संपता फेंडरने तिथे मोतिया प्लॅस्टिक वापरायला सुरुवात केली. पिकअप (तारांचा कंप पकडणारी तारेची गुंडाळी) निवडायच्या स्विचला तीनच जागा, कारण पाच जागांचा स्विच कारखान्यातून 1977 मध्ये यायला लागला. जुन्या स्ट्रॅटवर पाच जागांचा स्विच दिसला की तो मागाहून बसवला, एवढं लगेच कळतं. त्यात वाईट काही नाही, मात्र किंमत त्या हिशेबाने हवी. नायट्रो लाखेला बारीक तडे गेले होते, थंडीने आणि उष्णतेने लाकूड हलतं तसे. मी एकच कॉर्ड वाजवली आणि ती विरेपर्यंत थांबले. जुनं लाकूड वाळलं म्हणून आवाज चांगला येतो, असं बरेच जण म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. त्या काळी पिकअपची तार हाताने सोडत गुंडाळत असत, त्यामुळे प्रत्येकाचे वेढे थोडे वेगळे पडत. एकाच वर्षाच्या दोन गिटारी म्हणूनच सारख्या वाजत नाहीत, आणि म्हणूनच वर्ष पाहून नव्हे, हातात घेऊनच गिटार निवडावी लागते.

त्यांनी आतले फोटोही दाखवले. महाग गिटार असेल तर दुकानाने पिकगार्ड (पुढची प्लॅस्टिकची पाटी) उघडून काढलेले फोटो ठेवलेले असतात, मागायला संकोच करू नका. त्यात पॉटवरचे, म्हणजे नॉबखालच्या भागांवरचे, आकडे वाचा. 1376612 असं असेल तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे साल आणि 12 म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. पण सावध राहा. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा प्रचंड साठा घेतला आणि तो पुढे काही वर्षं वापरला. त्यामुळे 1969 च्या गिटारमध्येही 66 चे पॉट सापडतात. आकडा एवढंच सांगतो की गिटार त्याआधीची नाही. नेकच्या टोकावरची तारीख, पॉट आणि सोल्डर एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. एका खुणेवर विश्वास टाकून लाखो येन मोजू नयेत.

या काळातल्या गिटारींविषयी प्रवाशाने लक्षात ठेवायलाच हवी अशी दुसरी बाब म्हणजे लाकूड. चिठ्ठीवर "हाकारांडा" लिहिलेलं असेल तर ते ब्राझिलियन रोझवूड. 1992 पासून ते साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याच्या कागदपत्रांशिवाय सीमेपार नेता येत नाही, गिटार कितीही जुनी असली तरी. नुसतं "रोझवूड" लिहिलेलं असेल तर बहुधा भारतीय, आपल्या सह्याद्रीत वाढते ती शिसव. 2017 मध्ये शिसवीच्या कुळातली सगळी झाडं दुसऱ्या परिशिष्टात आली आणि वादकांची फार ओढाताण झाली. 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियनला ती सूट नाही. लाकूड कुठलं ते दुकानाकडून पावतीवर लिहून घ्या.

मी आधीच ठरवलं होतं की अमेरिकन गिटार पाहायची आणि जपानी घ्यायची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला इथे अमेरिकन गिटारींच्या ज्या प्रती बनल्या, त्या काळातल्या कित्येक अमेरिकन गिटारींपेक्षा जास्त काळजीने बनवलेल्या आहेत, हे माझं ठाम मत आहे. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात ग्रेको नावाच्या गिटारी बनत, हामामात्सुच्या तोकाईकडे लव्ह रॉक आणि स्प्रिंगी साउंड ही मॉडेलं. त्या इतक्या हुबेहूब होत्या की 1982 मध्ये फेंडरने स्वतःच जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान काढलं आणि काम फुजिगेनलाच दिलं. जेव्ही अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक त्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे. विक्रेते सरसकट सगळ्या जपानी प्रतींना "लॉसूट", म्हणजे खटल्यातल्या गिटारी, म्हणतात, ते मनावर घेऊ नका. 1977 चा तो खटला गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन आणि आयबानेझची अमेरिकेतली वितरक एल्गर यांच्यात झाला होता, हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि तो आपसात मिटला. तेवढ्या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत.

या गिटारींची नावं वाचायला सोपी. ग्रेको ईजी-500 म्हणजे तेव्हाची किंमत 50,000 येन, तोकाई एलएस-60 म्हणजे 60,000. ग्रेकोच्या क्रमांकातलं अक्षर महिना सांगतं आणि पुढचे दोन आकडे साल: एच80 म्हणजे 1980 चा ऑगस्ट.

चौथ्या दिवशी निवड दोनांवर आली. एक 1982 ची तोकाई एलएस-60, जवळजवळ अस्पर्श, दर माझ्या मर्यादेच्या काठावर. दुसरी हीच एच80 ग्रेको. तिच्या चिठ्ठीवर फ्रेट नवे, ट्यूनर बदललेले, एक पॉट बदललेला, मागच्या बाजूला बक्कलचे ओरखडे. दर करासह 1,65,000 येन. डोळ्यांना तोकाईच हवी होती. मी भावाला पाठ फिरवून उभं केलं. दोन्ही त्याच ॲम्पवर, नॉबना हात न लावता, तोच एक तुकडा मी आलटून पालटून आठ वेळा वाजवला. त्याने सातदा ग्रेकोला हात वर केला. "ही तुझ्या हाताला लगेच उत्तर देते, ताई. दुसरी जरा विचार करून बोलते," असं तो म्हणाला. ड्रम्स वाजवणाऱ्याला सुरुवातीचा घाव आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतो, हे मी तिथे शिकले. बरोबर कुणीतरी न्या, आणि त्याला किंमत सांगू नका. अस्पर्श राहिलेल्या गिटारविषयी माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्नही आहे: चाळीस वर्षांत ती कुणाला वाजवावीशी का वाटली नसेल?

पैशांचं: पासपोर्ट प्रत्यक्ष जवळ हवा, फोटो चालत नाही. उपभोग कर 10 टक्के आहे. तो जागेवरच वजा झाला आणि मी 1,50,000 येन दिले. 1 नोव्हेंबर 2026 पासून ही पद्धत बदलते: पूर्ण रक्कम भरायची आणि देश सोडताना परतावा घ्यायचा, म्हणून विमानतळावर जास्त वेळ ठेवा. पावती हाताशी असू द्या, परतल्यावर सीमाशुल्काला तीच दाखवायची असते. जुना ॲम्प्लिफायर मोहात पाडेल, पण तो 100 व्होल्टवर चालतो. घरच्या प्लगला तसाच लावलात तर जळेल.

मध्ये एक दिवस हामामात्सुला जाऊन आलो. शिनकानसेनने दीड-दोन तास. तिथल्या वाद्यसंग्रहालयासाठी अर्धा दिवस पुरत नाही. आणि हाती नवं वाद्य येण्याआधी जा, नंतर लक्ष लागत नाही.

विमानासाठी हार्ड केसच घ्या. तारा दोन स्वरांनी सैल करा, पूर्ण काढू नका. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कपडे असे ठासा की केस हलवली तरी तो जागचा हलणार नाही. नेकच्या मध्याखालीही आधार द्या. मोडतं ते हेडस्टॉकपाशीच. केबिनमध्ये न्यायची असेल तर विमान कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या, काउंटरवरच्या शब्दावर अवलंबून राहू नका. घरी पोचल्यावर केस दिवसभर बंदच ठेवा, आतली हवा हळूहळू खोलीसारखी होऊ द्या. हवा बदलली की नेक हलते. माझी तिसऱ्या दिवशी थोडी पुढे झुकली, पाव फेरा दिल्यावर जागेवर आली. पहिल्या आठवड्यात मात्र ट्रस रॉडला हात लावू नका, असं दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं. मी घाई केली, आणि दहाव्या दिवशी तो पाव फेरा परत काढावा लागला.

निघताना मी ती चिठ्ठी मागितली. दुकानातला मुलगा चकित झाला, मग दोन्ही हातांनी दिली. ती केसच्या खणात आहे. तिच्या मागे मी माझ्याकडून भर घालते: तारा बदलल्याची तारीख, नेकला दिलेला पाव फेरा, मार्चमध्ये स्वच्छ केलेला स्विच.