वयागणिक वेगळे दिसणारे नैराश्य
उदासी आणि निरुत्साह २ आठवड्यांहून अधिक काळ टिकून झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर तो आजार असू शकतो. मुलांमध्ये तो पुष्कळदा चिडचिडीतून दिसतो. बाळंतपणानंतर आई तो अपराधीपणाने लपवते. मला सर्वाधिक काळजी वाटते ती वृद्धांची, कारण त्यांचे गप्प बसणे, विसरणे, ताट अर्धवट ठेवून उठणे हे सारे ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते आणि अशीच लक्षणे दाखवू शकणाऱ्या थायरॉइडच्या (गळ्यातील ग्रंथीच्या) विकाराची साधी तपासणीही राहून जाते. समुपदेशन आणि औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. मात्र औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ती साधारणपणे किमान ६ महिने घ्यावी लागतात, म्हणून डॉक्टरांना न विचारता ती मध्येच बंद करू नयेत.