तुम्ही विचारलंत म्हणून : माझी मते आणि माझा धर्म

गेली बारा वर्षे मी दर शनिवारी संध्याकाळी जगातील धर्मांची ओळख करून देणारा एक छोटा वर्ग घेतो. प्रत्येक तुकडी संपताना कोणीतरी मागे थांबते आणि विचारते, ‘सर, एवढे सगळे वाचल्यावर तुमच्या स्वतःच्या मतांशी कोणता धर्म जुळतो?’ आजवर मी वेळ मारून नेली. या वेळी मात्र विचारणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या आणि त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, म्हणून हे लिहितो आहे.

नुसती मतेच ताडून पाहायची, तर मी बौद्ध विचाराच्या सर्वांत जवळ आहे. जग निर्माण करणारा आणि नवसाला पावणारा ईश्वर आहे, असे मला वाटत नाही. देह गेल्यावर जसाच्या तसा उरणारा आत्माही मला पटत नाही. जग शाश्वत आहे की नाही, तथागत, म्हणजे बुद्धत्व पावलेला पुरुष, मृत्यूनंतर असतो की नाही, हे विचारणाऱ्या मालुंक्यपुत्त या भिक्षूला बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला : बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळातला, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल. हा दाखला वर्गात सांगताना दर वेळी माझे मन भरून येते. सत्याला अनेक बाजू असतात आणि आपले प्रत्येक विधान ‘स्यात्’ म्हणून, म्हणजे एका अपेक्षेने करावे, हे जैनांचे म्हणणेही मला मनापासून मान्य आहे.

पण हा हिशेब मांडताना एक गोष्ट नजरेआड होते. ‘तू काय मानतोस?’ हा प्रश्न सगळ्या परंपरांनी सारख्याच महत्त्वाचा मानलेला नाही. ख्रिस्ती परंपरेत तो मध्यभागी आहे. इसवी सन 325 मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या निकाया या गावी जमलेल्या बिशपांनी श्रद्धेची कलमे शब्दाशब्दाचा कीस काढून ठरवली. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी पहिला श्रद्धेची साक्ष देण्याचा आहे, पण नमाज, जकात, रोजा आणि हज हे उरलेले चार म्हणजे कृतीच आहेत. आपल्याकडे तर दर्शनांच्या जुन्या विभागणीत आस्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य मानणारा, ईश्वर मानणारा नव्हे. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांत बसले, तर जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले. ज्या परंपरांनी माणसाला त्याच्या मतांवरून ओळखलेच नाही, त्या मतांच्या तक्त्यात अपुऱ्या दिसणारच.

हे मला पुस्तकांच्या आधी वाईच्या घाटावर कळले. वडिलांच्या दहाव्याला पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. अर्धा तास गेला. आत्या माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘अरे, दादाचा जीव वहिनीत अडकलाय. सांग त्याला.’ पिंडाला कावळा शिवण्याशी वडिलांचा काही संबंध आहे, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरीही ओल्या पायऱ्यांवर हात जोडून, वीस-पंचवीस माणसांदेखत, ‘आईला मी एकटे पडू देणार नाही’ असे मी मोठ्याने म्हणालो. कावळा आला नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माझा शब्द मात्र दिला गेला होता, आणि तो मी घरी, मनातल्या मनात, तेवढ्या स्पष्टपणे कधीच दिला नसता.

माझे एक सहकारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, आहेत. ज्यांना कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, त्या समाजातले. आई गेल्यावर अकरा महिने ते सिनेगॉगमध्ये जाऊन कद्दीश म्हणत होते. मृतांसाठी म्हणायच्या या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही; आहे ती मुख्यतः ईश्वराच्या नावाची स्तुती, आणि ती म्हणायला परंपरेने दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. दहावा माणूस येईपर्यंत थांबलेल्या त्या नऊ जणांबद्दल ते सांगत, तेव्हा मला आमचा घाट आठवे.

यावरून सगळे धर्म शेवटी एकच, असे मी मुळीच म्हणत नाही. आत्मा अविनाशी आहे आणि आत्मा नाहीच, ही दोन्ही विधाने एकाच अर्थाने खरी असू शकत नाहीत. तसे भासवणे हा दोन्ही परंपरांचा अनादर आहे. मला जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’मध्ये कल्पिलेले घर अधिक प्रामाणिक वाटते. त्या घरात स्त्री बौद्ध आहे, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी आहे. त्यांनी एकमेकांत विरघळून जावे असे जोतीराव म्हणत नाहीत. गोडीगुलाबीने एकत्र नांदावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

तेव्हा बाई, माझी मते बौद्धांच्या जवळची आहेत आणि मी जगतो त्या रीती माझ्या आईवडिलांच्या घरच्या आहेत. आई आता माझ्याकडे असते. रोज जेवणाआधी ती गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यासाठी घास ठेवते. तिचे गुडघे दुखत असतील, त्या दिवशी तो मी ठेवतो.