टोपीच्या दोरीपायी 138 जॅकेटं परत मागवली, त्याचा अनुभव

"आपली विनंती निकाली काढण्यात आली आहे." मे महिन्यात हे वाक्य मला सहा वेळा ईमेलवर आलं. सहाही वेळा काहीच निकाली निघालेलं नव्हतं. 63 मुलांच्या घरी धोक्याची वस्तू पडून होती आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोचायचा रस्ता एका ऑनलाइन बाजारपेठेच्या 'विक्रेता मदत' विभागाने अडवून धरला होता. ते बावीस दिवस आठवले की अजून डोकं तापतं. युरोपात छोटा धंदा करणाऱ्या आपल्या लोकांना यातलं आधी काहीतरी माहीत असावं, म्हणून लिहितेय.

मी नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवीनला राहते. लहान मुलांचे सुती कपडे सोलापूरच्या एका शिवणघराकडून शिवून आणते आणि माझ्या नावाच्या लेबलखाली विकते. मार्च 2025 मध्ये 150 जॅकेटं आणली होती. निळं कापड, आत पातळ अस्तर, डोक्यावर टोपी आणि टोपीला पिवळी दोरी, टोकांना गोंडे. मापं चार ते सात वर्षांची. गोंडे माझीच हौस.

एप्रिलच्या शेवटी एका आईचा फोटो आला. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला, कठडा आणि पत्रा जिथे मिळतात त्या फटीत पिवळा गोंडा अडकलेला आणि दोरी ताणलेली. मुलगी चार वर्षांची. वडील शेजारीच उभे होते, त्यांनी तिला वरच्या वर उचललं. "तिला काही झालं नाही, पण तुम्हाला कळायला हवं," एवढंच लिहिलं होतं. उरलेल्यातलं एक जॅकेट मी टेबलावर ठेवलं आणि दोरी हातात घेतली. गोंड्याच्या वर एक गाठ होती. तो फटीत सहज आत जातो, ओढला की गाठ अडते आणि मग बाहेर येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुलांच्या कपड्यांच्या दोऱ्यांसाठी इथे ईएन 14682 नावाचं मानक आहे. सात वर्षांपर्यंतच्या, म्हणजे 134 सेंटीमीटर उंचीपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी दोरी चालतच नाही, शोभेचीसुद्धा नाही. कारण हेच: घसरगुंडी, बसचं दार, सायकलचं चाक. सणासमारंभाला थोडा वेळ, मोठ्यांच्या देखरेखीखाली घालायच्या पोशाखाला त्यातून सूट आहे, पण रोज शाळेत घालायचं जॅकेट त्यात बसत नाही. आपल्याकडे परकर-पोलक्याच्या पाठीला लटकन असतं, कुंचीला बंद असतात, त्यामुळे दोरी डोळ्यांना खटकतच नाही. इथे विकणार असाल तर ती खटकायला शिका.

सोलापूरला फोन केला. शिवणघराचे मामा म्हणाले, "ताई, दोरी तुम्हीच सांगितली होती ना? आम्ही तर नमुन्याबरहुकूम शिवलं." खरंच होतं. आणि कायदाही तेच म्हणतो. युरोपीय संघाचा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम, क्रमांक 2023/988, 13 डिसेंबर 2024 पासून लागू झाला आहे. दुसऱ्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाखाली विकणारा माणूस त्याच्या लेखी उत्पादक असतो. शिलाई सोलापुरात झाली तरी जबाबदार मीच.

पुढचा बराच भाग सरळ पार पडला. विक्री त्याच दिवशी थांबवली, राहिलेली 12 जॅकेटं बाजूला काढली. 'सेफ्टी बिझनेस गेटवे' या युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर कळवायचं असतं: वस्तू कोणती, धोका काय, किती नग, कुठल्या देशांत गेले, तुम्ही काय करणार. एका संध्याकाळचं काम. काही पार्सलं जर्मनीला गेली होती, म्हणून तो देशही निवडला.

तिथून माहिती इथल्या एनव्हीडब्ल्यूए या देखरेख यंत्रणेकडे गेली आणि चार दिवसांत एका अधिकारी बाईंचा फोन आला. ग्राहकांना पाठवायच्या सूचनेत मी लिहिलं होतं की आम्ही 'स्वेच्छेने, खबरदारी म्हणून' जॅकेटं परत घेतोय आणि 'आजवर कुणालाही इजा झालेली नाही'. दोन्ही वाक्यं त्यांनी काढायला लावली. धोका हलका वाटेल असे शब्द सूचनेत ठेवायचेच नाहीत, असा नियम आहे. मला आधी राग आला, कारण ते खरंच होतं. मग नवऱ्याला दोन्ही मसुदे वाचायला दिले. पहिला वाचून तो म्हणाला, "हे वाचून मी जॅकेट कपाटात ठेवेन." दुसरा वाचून म्हणाला, "आत्ता कुठे आहे ते?" तेव्हा पटलं.

आता मुख्य अडचण. 138 पैकी 52 जॅकेटं माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावरून गेली होती. त्या सगळ्यांना एका सकाळी ईमेल गेले. 23 शनिवारच्या बाजारात रोखीने. उरलेली 63 त्या बाजारपेठेवरून, आणि तिथे ग्राहकाचा खरा ईमेल विक्रेत्याला दिसत नाही.

2 मे रोजी पहिला निरोप पाठवला. उत्तर आलं, वस्तू यादीतून काढा. ती मी आधीच काढली होती. दुसऱ्यांदा उत्तर आलं की गोपनीयतेच्या नियमामुळे ग्राहकांची माहिती देता येणार नाही. मी माहिती मागितलीच नव्हती. 'तुम्ही स्वतः त्यांना कळवा' एवढंच लिहिलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं, ऑर्डरच्या निरोपपेटीतून तुम्हीच लिहा. ती पेटी माल पोचल्यापासून तीस दिवसांनी बंद होते आणि 63 पैकी 41 ऑर्डरी त्याहून जुन्या होत्या. उरलेल्या 22 जणांना लिहिलं, तर त्यांच्या यंत्रणेने माझा फोन नंबर आणि दुवा दोन्ही गाळून टाकले, कारण विक्रेत्याने ग्राहकाला बाहेर न्यायचं नाही हा त्यांचा नियम. माणसाला 'वापर थांबवा' कळलं, पण पुढे काय करायचं, कुणाला विचारायचं, काही नाही.

फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय सभ्य होता, पण त्याच्या पडद्यावरच्या यादीत परतावा, नुकसान आणि उशीर एवढेच पर्याय होते. धोकादायक माल परत मागवणे हा पर्यायच नव्हता. त्याने 'परतावा' निवडला आणि तासाभरात 'निकाली' असा ईमेल आला. पुन्हा फोन, पुन्हा दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. आज या विभागाकडे, उद्या त्या विभागाकडे, ही टोलवाटोलवी तीन आठवडे चालली. बाहेर ऊन-पाऊस चालू होता, मुलं जॅकेटं घालून बागेत जात होती. संध्याकाळी आमच्या घरासमोरच्या घसरगुंडीकडे बघवेना. एकदा निळ्या जॅकेटमधली एक मुलगी दिसली आणि मी चपला न घालता खाली धावले. ते दुसऱ्याच कुणाचं जॅकेट होतं.

सुटलं ते असं. अधिकारी बाईंनीच सांगितलं, त्याच 2023/988 नियमाचं कलम 22 वाचा. ऑनलाइन बाजारपेठेने तिथून घेतलेल्या प्रत्येक बाधित ग्राहकाला थेट कळवायचं, आपल्या पानावर सूचना लावायची आणि माल परत मागवण्यात अडथळा आणायचा नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. आणि प्रत्येक बाजारपेठेला सुरक्षेच्या कामासाठी एक वेगळा संपर्क ठेवावाच लागतो. 'विक्रेता मदत' म्हणजे तो संपर्क नव्हे! मी तीन आठवडे चुकीच्या दारावर डोकं आपटत होते आणि त्या दाराशी बसलेल्यांपैकी एकानेही खरं दार दाखवलं नाही. माझा राग आहे तो याचाच.

त्या संपर्काला डच भाषेत एक पानाचं पत्र लिहिलं. कलमाचा क्रमांक, 63 ऑर्डर क्रमांकांची एक्सेल फाइल, डच आणि जर्मन भाषेतली तयार सूचना, आणि प्रत अधिकारी बाईंना. तिसऱ्या दिवशी 63 ईमेल गेले. पहिल्या ग्राहकाचं उत्तर आलं तेव्हा मी पोस्टाच्या रांगेत उभी होते, आणि मला तिथेच रडू आलं.

दोन आठवड्यांत त्या 63 पैकी 49 जणांनी उत्तर दिलं. माझ्या संकेतस्थळावरच्या 52 पैकी 50 जणांनी.

आता सुचतील तशा काही गोष्टी सांगते. बॅच नंबर मी पुठ्ठ्याच्या टॅगवर छापला होता आणि टॅग घरी गेल्यावर पहिल्यांदा कापला जातो. सूचनेत नंबर कुठे बघायचा ते चित्राने दाखवावं लागतं, तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. रंग आणि गोंड्याच्या फोटोवर भागवावं लागलं. आता नंबर धुण्याच्या सूचनांच्या पट्टीवर शिवून घेते.

ग्राहकाला दुरुस्ती, बदली माल आणि पैसे परत यांपैकी किमान दोन पर्याय द्यावे लागतात, तेही फुकट. मी पैसे परत आणि दुरुस्ती दिली. 'दोरी घरीच कापून टाका' म्हणायला परवानगी मिळाली, कारण ते सोपं आणि सुरक्षित होतं. पण कुठून कापायची, आतला तुकडा कसा ओढून काढायचा, हे फोटोसकट सूचनेतच द्यावं लागलं. पोस्टाचा खर्च ग्राहकावर टाकता येत नाही, तो आधीच बाजूला काढून ठेवा. सगळं मिळून माझी दोन महिन्यांची कमाई गेली, आणि ती गेली याचं मला वाईट वाटत नाही.

प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. पत्रात तेच उपयोगी पडलं.

रोखीने विकलेल्या 23 चं काय, हा प्रश्न सगळ्यात कठीण होता. स्टॉलवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली, बाजूच्या भाजीवाल्यानेही आपल्याकडे एक लावली. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकला, कारण निम्मे घेणारे आपलेच लोक होते. एका आजींनी पुण्याहून फोन केला, नातवासाठी सुनेने घेतलेलं जॅकेट त्या येताना बरोबर घेऊन आल्या होत्या. त्यांनी फोन चालू ठेवूनच दोरी कापली, मला कात्रीचा आवाज ऐकू आला.

त्या 23 पैकी 14 सापडली. नऊ अजून कुठेतरी आहेत. मुलं वाढतात, कपडे धाकट्या भावंडाकडे नाहीतर शेजाऱ्यांकडे जातात, म्हणून सूचना काढलेली नाही. दर शनिवारी सकाळी टेबल मांडलं की आधी तो फोटो लावते, मग कपडे मांडते.