४८६ला नेटवर्क जोडताना

४८६साठी, म्हणजे इंटेल ८०४८६ जातीच्या प्रोसेसरच्या जुन्या पीसीसाठी, नेटवर्क कार्ड कुणी विचारलं, की मी थ्रीकॉम कंपनीचं ३सी५०९बी सांगतो. वेग १० एमबीपीएसच, पण आयसा स्लॉटसाठी (जुन्या पीसीतली कार्ड बसवायची खाच) तेवढा पुरे. एनई२००० (त्या काळचं प्रचलित कार्ड) जातीचं, रिअलटेकची ८०१९ चिप असलेलं कार्ड स्वस्तात मिळालं तर तेही घ्या. पेंटियममध्ये पीसीआय, म्हणजे आयसानंतरचा वेगवान स्लॉट असेल तर प्रश्नच मिटला, आरटीएल८१३९ चिपचं कार्ड लावा.

माझं कार्ड जुन्या बाजारातलं. मागच्या पट्टीवर तीन तोंडं: आरजे-४५ (आजच्या लॅन केबलचं), गोल बीएनसी (जुन्या कोअ‍ॅक्स केबलचं) आणि पंधरा पिनांचं एयूआय (बाहेरचा ट्रान्सीव्हर जोडायचं). घेताना आरजे-४५ आहे ना, एवढं बघाच. नुसत्या बीएनसीचं कार्ड आजच्या राउटरला थेट जोडता येत नाही.

खरी मजा सेटिंगमध्ये आहे. ३सी५०९बीवर जंपर (सेटिंग बदलायच्या छोट्या पिना) नसतात. सगळं कार्डावरच्या ईईप्रॉम या मेमरी चिपमध्ये, डॉसमधून थ्रीकॉमच्या युटिलिटीने बदलायचं. प्लग अँड प्ले (आपोआप सेटिंग) बंद, आय/ओ पत्ता ३००एच, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) १०. जुन्या एनई२०००वर बरेचदा आयआरक्यू ३ असतो, आणि तो कॉम२ या सिरियल पोर्टचा! तिथे मोडेम असेल तर दोघांची जुंपलीच. आयआरक्यू ५ वर बहुधा साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड बसलेलं असतं. तीन तोंडांच्या कार्डात ट्रान्सीव्हर (कुठलं तोंड वापरायचं ते) १०बेस-टी, म्हणजे आरजे-४५ असा स्वतः निवडा.

मग डॉससाठीचा कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर ०x६० या इंटरप्टवर चढवायचा आणि एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क प्रोग्रामसंचातलं, राउटरकडून पत्ता मागणारं डीएचसीपी चालवायचं. काळ्या पडद्यावर आयपी पत्ता उमटला की काय आनंद होतो म्हणून सांगू!

राउटरचं पोर्ट २.५ गिगाबिटचं असेल तर ते १० एमबीपीएसला दाद देईलच असं नाही. मध्ये साधा १०/१०० स्विच टाका; पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारा.