गच्चीवरचा ओवा, शेपा आणि रुसलेलं जिरं

दिवाळीनंतर पेरलेल्या कुंड्यांची ही मार्चअखेरची नोंद.

यंदा बाजी मारली ओव्याने. भजी करतात तो जाड, लवदार पानांचा पानओवा हा नव्हे. तो तुळशीच्या कुळातला, फांदी खोचली तरी लागतो. डब्यातल्या ओव्याची पानं शेपूसारखी बारीक चिरलेली आणि कूळ धने-जिऱ्याचं. बी फक्त भुरभुरायचं, वर मातीचा पातळ थर, आणि पहिले पंधरा दिवस झारीनेच पाणी. जानेवारीत पांढऱ्या फुलांच्या छत्र्या आल्या नि पाठोपाठ मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. निंबोळी अर्क संध्याकाळीच मारत होते, कारण दिवसभर छत्र्यांवर मधमाश्या असतात.

काढणीचं मात्र जपून. सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहीत. मधली तपकिरी झाली तरी कडेच्या हिरव्याच. म्हणून तपकिरी झालेली तेवढी कात्रीने कापायची आणि कागदी पिशवीत उलटी टांगायची. ताजा ओवा तळहातावर चोळला तेव्हा नाकात झणका गेला! दाण्याच्या शिरांमधल्या बारीक नळ्यांत तेल असतं, त्यात थायमॉल, म्हणजे ओव्याला तो उग्र वास देणारं द्रव्य, भरपूर. थालीपिठात टाकण्याआधी ओवा चोळून घेतात तो या नळ्या फुटाव्यात म्हणून.

बाळंतशेपा किराणा दुकानातल्याच पेरल्या. उगवतो अर्थात शेपू. निम्म्या कुंड्यांची भाजी खुडली, निम्म्या दाण्यांसाठी राखल्या; खुडलेल्यांना छत्र्या अगदीच बारक्या आल्या. दोन्ही हवं असेल तर कुंड्या वेगळ्याच ठेवा.

जिरं यंदाही रुसलं. त्याला राजस्थान-गुजरातची कोरडी थंडी लागते. आमच्याकडे आभाळ आलं, सकाळी दव पडलं, की भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, ठरलेली. माझ्या मते गच्चीवर त्याच्या नादी लागू नये, विकतचं घ्यावं.

बडीशेप अजून हिरवी आहे, छातीइतकी उंच. चवीला दाणे कोवळे असतानाच तोडून सावलीत वाळवायचे. ते जास्त गोड लागतात, रंगही टिकतो. झाड उपटणार नाही, बुंध्यातून पुन्हा फुटतं.

घरचा ओवा, शेपा आणि तीळ यांना लिंबाचा रस नि सैंधव चोळून, सुकवून, मंद आचेवर भाजलं. ही मुखशुद्धी जेवणानंतर चिमूटभर पुरते. सासूबाई पोट जड झालं की आपणहून बरणी मागतात. कुणी कुंडीत वावडिंग लावलंय का? वेल आधाराशिवाय किती पसरतो, ते सांगा.